अकोल्याची सतरंजी लंडनमार्गे

मंडळी,

एवढ्या उन्हाचे आलात. माग बंद ठेवून आलात. मी वकील माणूस, बोलण्यावरच पोट भरतो. पण आज तोंड उघडलं की शिवी येईल अशी भीती वाटते. सांभाळून घ्या.

आपले कानडे मास्तर गेले. शाळेत भूगोल शिकवायचे आणि शाळा सुटली की आपल्या सतरंजी विणकर सोसायटीचं काम पाहायचे. लोक म्हणतात, हृदय बंद पडलं. पडलं असेल. पण ते दमवलं कुणी, हे आज नाही विचारायचं तर कधी?

चार वर्षांपूर्वी कोलंबोचा एक व्यापारी अकोल्यात आला. त्याला आपल्या सतरंज्या आवडल्या. त्याच्यापाशी डॉलर नव्हते, खोबरं होतं. ‘सतरंज्या द्या, खोबरं घ्या,’ म्हणाला. मास्तर धावतच माझ्याकडे आले. “वकीलसाहेब, आपुन बी गरीब, थे बी गरीब. शेजाऱ्यानं शेजाऱ्याले द्याचं, त्याले दूरच्या सायबाचं नाणं कायले पायजे?”

माल परदेशी धाडायला सरकारच्या निर्यात खात्याची परवानगी मात्र पाहिजे होती. अर्ज मी लिहिले. उत्तर नाही. पुन्हा लिहिले. उत्तर नाही. शेवटी मास्तर खांद्यावर सतरंजी टाकून खात्याच्या मुंबईच्या कचेरीत गेले आणि साहेबापुढे ती अंथरली. साहेब बुटांनिशी तिच्यावरून चालत गेला. म्हणाला, “खोबऱ्यानं देशाची योजना चालत नाही. डॉलर आणा.”

गेल्या पावसाळ्यात कोलंबोहून पत्र आलं. सोबत सतरंजीचा तुकडा. व्यापाऱ्यानं लिहिलं होतं, माल मिळाला. लंडनच्या कंपनीकडून, दुप्पट भावानं. रुखमाबाई, तुम्ही इथंच बसला आहात. तुकडा हातात घेऊन तुम्हीच म्हणालात ना, “मास्तर, हा काठ त माह्या मागावरचा हाय!”

आपलाच माल! मुंबईच्या दलालानं उचलला, लंडनला धाडला, तिथून तो लंकेत उतरला. त्याला परवानगी होती! वाकड्या वाटेला परवानगी, सरळ वाटेला नाही. ही कुठली योजना? कुणासाठी?

आणि मी काय केलं? हसलो. म्हणालो, “मास्तर, सोडा आता.” ते रागावले नाहीत. “शेजारी सोडता येते का, वकीलसाहेब?” एवढंच म्हणाले आणि नवा अर्ज लिहायला बसले.

तो अर्ज घेऊन ते मुंबईला गेले. सकाळपासून कचेरीच्या बाकावर बसले होते. तिथंच कलंडले. शिपायाला वाटलं, म्हाताऱ्याचा डोळा लागला. कचेरी बंद करायच्या वेळी त्यानं हलवून पाहिलं.

आज खात्याचे एक साहेब हार घेऊन आले आहेत. साहेब, हार राहू द्या. आता आम्ही मास्तरांसाठी दोन मिनिटं गप्प उभे राहणार आहोत. तुम्ही उठू नका. तुमच्या खात्याचं मौन चार वर्षं पाळून झालं आहे.

विणकरांनो, उठा.