मार्कशीटवरचं कुंकू

हसाल तुमी, पण ऐका. जपानच्या एका विद्यापीठात इंग्रजीतून डिग्री करायची म्हणून मी अर्ज भरला. मार्कशीट पोस्टानं पाठवायची होती. आईनं पाकिटाला ओलं कुंकू लावलं, ते झिरपलं थेट मार्कशीटवर. तिकडून मेल आला, “कागदावर लाल डाग आहेत. कुणाला दुखापत झाली आहे का? मुदत संपत आलीय, दुसरी प्रत पाठवा.”

मी आईवर जाम उखडले.

“बरं गो बाय, आता पाकिटाला हातपण नाय लावनार.”

दुसरं पाकीट घेऊन मी धावत शहापूरच्या पोस्टात गेले, तर काउंटरवरच्या काकांच्या कपाळावर हा मोठा ओला टिळा! वर तांदूळ चिकटलेले.

म्हणाले, “पाकीट दे लवकर. तुझी आई नारळ आणायला गेलीय.”