तगडा गडी नको

कापूस खरेदी केंद्रावर बैलगाड्यांची ही लांब रांग! सलोनी आपल्या गाडीवर कान टवकारून बसलेली, अन् पुढच्या गाडीवर पुंडलिकराव अन् गफ्फार मेकॅनिक बॉक्सिंगवरून जुंपलेले.

"गफ्फार, तुया चँपियन लढाले सारे थकले-भागलेले गडीच निवडते. डरपोक!"

"काका, दिमाग लावते तो."

"कायचा दिमाग? मर्द असन तर तगड्याशी लढावं ना!"

"पुंडलिकराव, चला, तुमचा नंबर!" हमाल ओरडला.

"थांब बाबू. ग्रेडर कोन बसला हाय?"

"चष्मेवाले साहेब. ओला कापूस हात लावताच पकडतेत."

"अन् दुपारून?"

"म्हातारे साहेब. वरवर पाह्यतेत."

"मंग मागच्या पोरीले जाऊ दे पुढं."

"वा काका! चँपियनचा बेल्ट बांधू का कमरेले?"

"चूप रे!"

"नाही जात मी," सलोनी खिदळली, "मले बी म्हातारेच पाह्यजेत!"