पान चौदावरचा सपाट रस्ता

आजच्या सेवानिवृत्ती समारंभाच्या अध्यक्ष, आमच्या नकाशा कार्यालयाच्या संचालकबाई. व्यासपीठावरचे प्रमुख पाहुणे डॉक्टरसाहेब. पहिल्या रांगेत बसलेल्या आमच्या वहिनी. हिवाळ्याची सुट्टी असूनही स्वेटर-मफलर चढवून वेळेवर आलेले सहकारी आणि त्यांची मुलंबाळं. आणि ज्यांच्यासाठी हा पुष्पगुच्छ टेबलावर वाट बघतो आहे ते सत्कारमूर्ती, आमचे मुख्य आरेखक अण्णा, जे अजून पोचलेले नाहीत, अशा सर्वांना माझा नमस्कार.

दार उघडंच राहू द्या, कृपया. गारठा आत येतोय हे मलाही कळतंय, पण तिथून फाटक दिसतं.

कार्यक्रम दहाचा होता. आता अकराला दहा कमी आहेत. टंकलेखक बाईंनी माझ्या हातात चिठ्ठी दिली आहे, ‘अण्णा येईपर्यंत लांबवा.’ लांबवतो. एरवी माझ्या हातात माइक आला की तो काढून घ्यायला दोन माणसं लागतात. आज मात्र शब्द सुचत नाहीयेत, आणि त्याला कारण आहे. येतो त्याच्याकडे.

अण्णांनी चौतीस वर्षं एका खुर्चीत बसून रस्ते काढले. बसून बसून माणसाचं काय होतं हे डॉक्टरसाहेबांना ठाऊक आहे, कारण सहा वर्षांपूर्वी अण्णांचं हृदय त्यांनीच दुरुस्त केलं. तेव्हा डॉक्टरसाहेब जे म्हणाले ते अण्णांनी आम्हांला इतक्या वेळा ऐकवलंय की पाठ झालंय. “तुमचा घात काम करणार नाही, ही सुट्टी करेल. थंडी आहे म्हणून उशिरा उठाल, भरपूर खाल, पुन्हा पांघरुणात शिराल. सायकल घ्या. रस्ता सपाट हवा. शेजारच्याशी गप्पा मारता येतील इतकाच वेग ठेवा. आणि चढ लागला की मुकाट्याने उतरा.”

आता औषध डॉक्टरांनी एकाला दिलं होतं. अण्णांनी ते अख्ख्या कार्यालयाला पाजलं. त्या वर्षी सुट्टीच्या आदल्या दिवशी फलकावर सूचना लागली, ‘उद्यापासून सकाळी साडेसहा, फाटकाजवळ, सायकलसह. कारणं घरी ठेवून यावीत.’ पहिल्या दिवशी एकोणीस जण आले, तिसऱ्या दिवशी चार. त्या चारांत मी नव्हतो. माझ्या सायकलवर टॉवेल वाळतात, आणि माझी बायको समोरच बसली असल्यामुळे मला हे खरंच सांगावं लागतंय. पण अण्णा सोडणारे नव्हते. खिडकीखाली येऊन घंटी वाजवत राहायचे. मी कानटोपी घालून, डोळे चोळत बाहेर आलो की म्हणायचे, “चल, आज तुला धाप लागेपर्यंत तुझी थट्टा करतो.” सहा हिवाळ्यांत आमच्या भांडारपालांचा पट्टा दोन भोकं आत गेला. तिसरा मजला गाठताना मीही आता मध्ये थांबून भिंतीवरच्या सूचना वाचत नाही.

फाटकाशी गाडीचा आवाज आला का? नाही, दूधवाला आहे.

वहिनी, पहिल्या हिवाळ्यात तुम्ही अण्णा परत येईपर्यंत दारात उभ्या असायचात. नंतर म्हणे आत बसून चहा घ्यायला लागलात. आज अण्णा सायकलवरून थेट इथे येणार, म्हणून तुम्ही शेजाऱ्यांच्या गाडीतून पुढे आलात, आणि मघापासून पुन्हा दाराकडे बघताय. अण्णा सायकलवर फोन बाळगत नाहीत, “खिशात वाजलं की तोल जातो” म्हणतात. कार्यालयाची गाडी नेहमीच्या कालव्याच्या रस्त्याने जाऊन रिकामी परत आली. मग मी ड्रायव्हरला हळूच म्हणालो, “उत्तरेच्या रस्त्याने जाऊन बघ.” तुम्ही ते ऐकलंत. “उत्तरेचा रस्ता कशाला?” असं विचारलंत. मी म्हणालो, “सहज.”

सहज नव्हतं, वहिनी.

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. अशीच हिवाळ्याची सुट्टी दुसऱ्या दिवशी लागणार होती. माझी तिकिटं काढून झालेली, घरी बॅगा भरलेल्या, आणि टेबलावर जिल्ह्याच्या नकाशा-पुस्तकाचं पान चौदा. रस्ता शाईने काढून झाला होता. उत्तरेच्या कोपऱ्यात जमिनीचा चढउतार दाखवणाऱ्या रेषा राहिल्या होत्या, दीड-दोन तासांचं काम. माझा जीव घड्याळात. मी पान तसंच अण्णांपुढे ठेवलं. त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि विचारलं, “कोपऱ्यातले चढउतार मोजणीच्या वहीशी ताडलेस ना?” मी म्हणालो, “ताडले.” प्रत्येक पान भिंगाखाली घालणाऱ्या त्या माणसाने ते पान माझ्या एका शब्दावर सही करून दिलं.

सुट्टीवरून परतलो तर पान छापून आलेलं. मी मोजणीची वही उघडून बघितली. तीन किलोमीटरांत नव्वद मीटर चढ, आणि पानावर तिथे एकही रेषा नाही, म्हणजे बघणाऱ्याला सपाट. दोन्ही बाजूंना दाट झाडं, त्यामुळे डोळ्यांना तो दिसत नाही, फक्त पायांना कळतो. मी वही मिटून टाकली. त्यानंतर मला कोणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

काल संध्याकाळी अण्णांनी माझ्या कप्प्यातून तेच पान काढलं. म्हणाले, “नोकरीच्या शेवटच्या दिवशी नवा रस्ता. हा बघ, कसा तळहातासारखा सपाट आहे.” भोवती सगळे उभे होते. मी मूग गिळून गप्प बसलो. मनाशी म्हटलं, चढ लागला की फिरतील मागे. रात्रभर हेच म्हणत होतो. सकाळी त्यांच्या घरी गेलो तर ते निघून गेले होते. संचालकबाई, माझ्यावर काय कारवाई करायची ती करा, मी लेखी देतो. मला आज त्याची भीती वाटत नाहीये. मला त्या दाराची भीती वाटतेय.

काय? कुणाचा फोन? द्या इकडे.

ड्रायव्हर बोलतोय. सगळ्यांना सांगतो, जरा शांत राहा. अण्णा सापडले. वहिनी, बसा, सापडले. चढाच्या मध्यावर दगडावर बसले आहेत. बोलतायत, पाणी प्यायलेत, छातीत दुखत नाही म्हणतात. पण गाडीत बसायला तयार नाहीत. मांडीवर नकाशा पसरलाय... काय म्हणतात? पुन्हा सांग.

म्हणतात, “रस्ता सपाट आहे, मी तीनदा बघितलं. सपाट रस्त्यावर मला धाप लागली, म्हणजे माझ्यातच आता काही उरलेलं नाही. सायकल कुणाला तरी देऊन टाका.”

चौतीस वर्षं नकाशे तपासले या माणसाने. आज पाय एक सांगत होते आणि कागद दुसरंच, तर त्यांनी पायांना खोटं ठरवलं.

डॉक्टरसाहेब, तुमची गाडी बाहेर आहे ना? मला घेऊन चला. वहिनी, तुम्हीही चला. दुसऱ्या कुणी सांगितलं तर अण्णांना वाटेल, आपली समजूत काढतायत. ते पान मी काढलंय, मीच सांगायला हवं.

आपण सर्वांनी थंडीत दार उघडं ठेवून माझं ऐकून घेतलंत, त्याबद्दल मी आपला आभारी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला, असं शेवटी म्हणायची रीत आहे. बोलण्यातलं घाला. पान चौदावरचं पोटात घालू नका. त्याची क्षमा मला एकाच माणसाकडे मागायची आहे, आणि तो आत्ता दगडावर बसून स्वतःला म्हातारा समजतोय.

टाळ्या नकोत. जरा वाट द्या मला.