मागचीची पात

जालन्याच्या स्टँडवर अंबडच्या गाडीची वाट बघत होतो. बाकावर शेजारी मायलेकी बसल्या होत्या. लेक कापसाच्या जिनिंगमधल्या नोकरीची मुलाखत देऊन आलेली, आई फडक्यातली भाकर सोडत होती.

“काय इचारलं साहेबानं?”

“म्हणला, बायांच्या टोळीवर तुला नेमलं अन् एखादी कामात मागं राह्यली, तर काय करशील?”

“मंग?”

“तू शेतात करती तेच सांगितलं. खुरपताना आपल्या वाट्याच्या ओळीची पात संपली की माघारी जायचं अन् मागचीची पात धरायची.”

“हसला असंल.”

“न्हाई. मान हलवली.”

“आवाज कापला का तुझा?”

“पहिल्यांदा कापला. मंग तुझ्यासारखं बोलले.”

“मंग बाहेर यायला एवढा उशीर कामून?”

“साहेबाच्या खोलीबाहेर पिंपळगावची एक पोरगी बसल्ती. भ्यायल्यानं घामाघूम झाल्ती. तिला सांगत बसले, साहेब काय इचारतो, कसं बोलायचं.”

“बेबीनंदा, जागा किती हायेत?”

“एकच.”

“अन् तू तिला सवाल सांगितले?”

“माझी पात संपल्ती, आई.”

आईनं भाकरीवर ठेचा पसरला.

“समदे सांगितले का?”

“न्हाई. शेवटचा सवाल राह्यला. तेवढ्यात तिला हाक आली.”

“धर, खा. अर्ध्या पातीतून उठलीस म्हण की.”