शेरू जाऊ देत नाही

हसू नका, पण आमच्या शेरूला तीन घरांनी कुत्र्यांच्या शेल्टरमध्ये परत पाठवलं होतं. तक्रार एकच. येणाऱ्यावर भुंकत नाही, पण पाहुणा निघाला की फाटकात आडवा होऊन गुरगुरतो. शेल्टरवाले भैया म्हणाले, "चौथ्यांदा परत आला तर याला कोणी नेणार नाही." मी म्हटलं, द्या.

आता आमचे सासरे, दादा, रिटायर मास्तर. ते बोलायला लागले की पूर्वी लोक चपला शोधायचे. आता शेरू शोधू देत नाही. दादांनी पट्टा धरल्याशिवाय तो हटत नाही आणि गोष्ट संपल्याशिवाय दादा उठत नाहीत. बहादरपूरच्या मामांच्या मळ्यात केळी भरायला ट्रक उभा, अन् मामा दोन तास आमच्या ओसरीवर! मग मात्र मी वैतागून शेल्टरला फोन केला.

भैया पिंजरा घेऊन आले. दादा म्हणाले, "बसा, चहा घ्या," आणि तापीच्या पुराची गोष्ट काढली. भैया तीनदा उठले, शेरूने तीनदा बसवलं. मी कप उचलायला गेले तेव्हा भैया हळूच म्हणाले, "दीदी, पिंजरा तर आणलाय, पण तक्रार नक्की कोणाबद्दल आहे?"

मी पाहिलं. दादा रंगात आले होते, शेरू त्यांच्या पायावर डोकं ठेवून ऐकत होता.

म्हटलं, "भैया, राहू द्या दोघांनाही."