गोडबांधीचा नंबर

काय सांगू तुम्हाले, आमच्या घरी आधी काहीच नव्हतं. बाप दुसऱ्याच्या वावरात सालदार, माय मोहफुलं वेचून विकायची, अना पावसाळ्यात दोन-दोन दिवस कण्यांची आंबील पिऊन आमी राहिलो. मंग बापानं कसंतरी करून दोन बांध्या इकत घेतल्या अना मले शिकवलं. कारध्याचा पूल ओलांडून मी पायी भंडाऱ्याले कॉलेजात जायचो. गावातला पहिला बी.ए. मी, हे मी आजही सांगतो, त्यात लाज कायची.

बांधी म्हणजे धानाच्या वावराचा एकेक तुकडा, अना आमच्या गावात हरेक बांधीले नाव होतं. वाघबसनी, कारण तिथं वाघ बसलेला दिसला होता. रुसवी, कारण तिथून एक नवी सून रोवणा, म्हणजे धानाची लावणी, अर्धा सोडून माहेरी गेली होती. कोणाच्या आज्यानं ठेवलेली नावं, पण पोट्ट्यायलेही पाठ. तलावाखालची गोडबांधी आमच्या शेजारच्या सखूकाकूची. काकू विधवा, एक पोरगी, अना ती एकच बांधी, पण तलावाचं पाणी पहिलं तिले मिळे.

मंग चकबंदी आली. विखुरलेले तुकडे एकत्र करून नवे नंबर पडले, याद्या चावडीत आल्या, अना वाचणारा कोण, त मी. खुर्चीवर बसून मी नंबर वाचत होतो, लोकं अंगठे देत होते. बाप म्हणे, बाबू, नंबर राहू दे, बांधीचं नाव सांग, म्हणजे लोकायले समजल. मी म्हणलो, बाबा, सरकारी कागदावर वाघ अना रुसवी नाही लिवत, तुमी चूप बसा. लोकं हासले. काकूनं इचारलं, गोडबांधी मलेच हाय ना रे? तिच्या नावापुढं एक नंबर होता. नकाशा बाजूलेच पडला होता, तो काही मी उघडला नाही. म्हणलो, हाय ना काकू, लाव अंगठा.

नांगरणीच्या येळी समजलं. काकूचा नंबर म्हणजे टेकडीखालची बरड, अना गोडबांधी, आमच्या बांध्यायले लागून होती म्हणून, आली होती माह्या बापाच्या नावावर. गाव म्हणे, बी.ए.नं बराबर वाचलं.

बाप तिच्या दारात गेला, म्हणे, वहिनी, कागद कागदापाशी राहू द्या, बांधी तुमची हाय, तुमीच करा. काकू म्हणे, भाऊजी, तुमी हाय तोवर ठीक, उद्या तुमचा नातू म्हणन, बुढी आमच्या वावरात घुसली. नाही ऐकलं तिनं. बापानंही तिथं नांगर नाही घातला. बांधी पडीत, अना काकू तिच्याच धुऱ्याच्या बांधावरून दुसऱ्याच्या रोवण्याले मजुरीनं जाऊन राहिली.

गोडबांधी काकूच्या नावावर चढवा म्हणून मी भंडाऱ्याले अर्ज देल्ले, तारखेवर तारखा. मले मास्तरकी लागली, लगन झालं, पोरं झाले, अर्ज सुरूच. हर तारखेले काकू सोबत यायची, एस.टी.त खिडकीपाशी बसायची, अना मले कधी टोकलं नाही तिनं. एक डाव मीच म्हणलो, काकू, दोन शिव्या तरी दे. म्हणे, शिव्या देऊन का होते, तू वाच बराबर.

बाप ती पडीत बांधी पाहत पाहतच वारला. मंग दोन सालांमागं एकदाचा फेरफार झाला. मी काकूले हात धरून बांधीवर नेलं, पण तिचे गुडघे गेले होते, चिखलात उतरता येईना. धुऱ्यावरच बसली. रोवणा पोरगीनं लावला.

जे गेलं ते गेलं. गोडबांधी आज काकूच्या नावावर हाय.