जालिंदरभाऊंचं 'नको नको'

मंडळी, आज एकच प्रश्न घेऊन उभा राहिलोय. माणसाचा अहंकार कुठल्या शब्दात लपतो? 'मी'मध्ये? — अहो, 'मी'मधला अहंकार आंधळ्यालाही दिसतो! खरा लबाड अहंकार दडून बसतो तो 'नको'मध्ये! कसा म्हणता? ...अहो काका, मान काय डोलवताय, अजून मी काही सांगितलंच नाही! आधी ऐका.

आपल्यासारखाच एक कोरडा मुलूख. तिथं एक राजकीय पक्ष — माळपट्टा आघाडी. पक्ष केवढा? मुंबईत कुणी विचारत नाही आणि तालुक्यात कुणी टाळत नाही, एवढा! अध्यक्ष नाना वाघमोडे. पक्ष त्यांनीच काढला, त्यांनीच वाढवला. पण आता गुडघ्यांनी राजीनामा दिला! नाना म्हणाले, "बास झालं. नवा अध्यक्ष निवडा, आणि माझ्या डोळ्यांदेखत निवडा."

झालं! दोन नावं चर्चेत आली. एक नानांचा पुतण्या, रणधीर. कडक इस्त्री, काळा चष्मा. या पठ्ठ्यानं मुंबईच्या एका मोठ्या पक्षाशी आधीच बोलणं लावलेलं — मला अध्यक्ष होऊ द्या, अख्खी आघाडी तुमच्यात विलीन करतो! गावोगाव सगळ्यांना हे ठाऊक होतं.

दुसरा जालिंदर खोमणे. टँकर आला नाही? लावा जालिंदरला फोन! बाळंतीण अडली? जालिंदरची जीप दारात! पक्ष नानांचा, पण ओढायचा जालिंदर. त्याला अध्यक्ष व्हायचं होतं का? अहो, मनापासून! झोपेतसुद्धा हार घालून घ्यायचा म्हणे! पण तोंडानं? चकार शब्द नाही.

का? तर आपली रीत! नाव सुचवलं, की आधी 'नको' म्हणायचं. लोकांनी आग्रह करायचा. पुन्हा 'नको'. पुन्हा आग्रह. मग हळूच मान पुढं करायची — "तुमच्या प्रेमापुढं माझं काय चालतंय!" — की पडला हार गळ्यात! जावयाला लाडू वाढतात ना, तसंच. जावईबापू हातानं ताट झाकतात, पण बोटं कशी? फाकलेली!

जालिंदरनंही सगळी जय्यत तयारी केली. मित्राला, बबनला सांगितलं, "मी नको म्हणालो की तू उठून आग्रह धर." आणि दुसऱ्या मित्राला, पोपटला सांगितलं, "तू रड." — हसता काय? रडायलासुद्धा माणूस नेमला होता!

मेळाव्याचा दिवस उजाडला. मंगल कार्यालय खचाखच. जालिंदरचं नाव पुकारलं, टाळ्यांचा कडकडाट! नाना म्हणाले, "काय जालिंदर, होतोस का अध्यक्ष?"

जालिंदर उठला. हात जोडले, डोळे मिटले. "नको नाना! माझी काय पात्रता? मी आपला साधा कार्यकर्ता. सतरंज्या उचलीन, पण खुर्ची नको!"

नाना म्हणाले, "बरं. पुढचं नाव?"

मृदंगवाले बुवा, थांबा! हे नीट ऐकू द्या सगळ्यांना — बरं, पुढचं नाव! बबन अर्धा उठलेला तसाच वाकून राहिला. पोपट रडायला लागला, पण आता खरोखरचा! बबन कसाबसा म्हणाला, "नाना, जरा आग्रह..." नाना म्हणाले, "अरे, माणूस हात जोडून नको म्हणतोय. जबरदस्ती कशाला?"

रणधीरनंही आपलं 'नको' घोकून आणलेलं. ते त्यानं गपकन गिळलं! नाव पुकारायच्या आत ओरडला, "मला चालेल! मला चालेल!"

नाना म्हणाले, "नाव एकच आलंय. कबूल असेल तर हात वर करा." लोकांनी करायचं काय? इथं एक हात, तिथं एक हात, नाइलाजानं वर जायला लागले.

आणि जालिंदर? काय अवस्था झाली असेल हो त्याची! उठावं, तर लोक हसणार, 'आत्ता तर सतरंज्या उचलत होता!' बसून राहावं, तर आघाडी चालली मुंबईला. तेवढ्यात बायकांमधून म्हातारी सगुणाबाई गरजली, "ए जालिंदर! उद्या टँकर चुकला तर मी फोन कुणाला लावू रं? मुंबईला?"

जालिंदर उठला. मान खाली गेली. म्हणाला, "नाना, मी खोटं बोललो. मला अध्यक्ष व्हायचंय. लई व्हायचंय! बबनला आग्रह करायला मीच सांगितलं, पोपटला रडायलाही मीच सांगितलं..." छप्पर उडेल इतकं हसले लोक! जालिंदरच्या डोळ्यांत पाणी. "हसा. मनमुराद हसा. पण आघाडी मोडू देऊ नका. हे काम मला येतं, आणि मला ते करायचंय."

नानांनी काठी आपटली. "आत्ता बोललास! इतकी वर्षं हेच ऐकायला बसलो होतो. अरे, ज्याला स्वतःसाठी सरळ मागता येत नाही, तो मंत्रालयात जाऊन आमच्यासाठी पाणी काय मागणार?" मग लोकांकडं वळून म्हणाले, "आता करा हात वर!"

पहिला हात सगुणाबाईचा. मग सगळं कार्यालय! रणधीरची गाडी त्याच दुपारी मुंबईकडं गेली — विलीन झाली एकटीच!

कळलं का मंडळी? ते पहिलं 'नको' काय म्हणत होतं? 'माझ्या पाया पडा, माझी मनधरणी करा!' आणि 'हवंय' म्हणताना बिचाऱ्याची मान आपोआप खाली गेली. नम्र कोण हो मग?

आता तुमच्याकडं येतो. पुढच्या वर्षीच्या सप्ताहाला अध्यक्ष हवाय. गेल्या वर्षी याच ओट्यावर विचारलं, तर सगळे — "नको महाराज, आमची काय पात्रता!" तासभर आग्रह केला मी! जबाबदारी कुणीच घेतली नाही, म्हणून आज माझं कीर्तन सुरू झालं तरी मांडवाच्या दोऱ्या बांधणं चाललंय!

महिपतराव, खाली काय बघताय? तुम्हालाच विचारतोय. मनात आहे तुमच्या, गावाला ठाऊक आहे. देवासमोर बसलाय, एकदाच विचारीन. 'हो' म्हणालात, तर हा हार तुमचा. आणि 'नको' म्हणालात, तर मी एवढंच म्हणणार —

बरं. पुढचं नाव?